‘रोक्को’ दाखवण्याआधी बाबांसाठी टिपणं

मिलान

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये तुम्ही ‘रोक्को अँड हिज ब्रदर्स’ हा इटालियन चित्रपट दाखवणार आणि आधी दहा मिनिटं बोलणार हे आईकडून कळलं. तुमच्या भाषणाचा मसुदा वाचला. पहिली दोन पानं नववास्तववादावर, म्हणजे युद्धानंतरच्या इटालियन सिनेमाच्या चळवळीवर आहेत. ती काढून टाका. खुर्चीत बसून कंबर धरलेल्या माणसांना चळवळींची नावं नको असतात. ‘दोन भाऊ आणि एका बाईची शोकांतिका’ हे वाक्यही काढा. ते खोटं नाही, पण ते ऐकून बसलेला माणूस पहिला तासभर नुसता त्या शोकांतिकेची वाट बघत बसेल आणि त्या तासातलं सगळं हातचं घालवेल.

मी तुमच्या जागी असते तर एवढंच सांगितलं असतं: ही माणसं कुठे झोपतात आणि त्या जागेचं भाडं कुणाच्या कमाईतून जातं, त्यावर नजर ठेवा. दिग्दर्शक लुकिनो व्हिस्कॉन्ती स्वतः मिलानच्या सरदार घराण्यातला आणि विचाराने डावा. त्याने १९६० साली हा चित्रपट केला तो घरभाड्याच्या हिशेबावर उभा आहे. बाकी रक्तपात त्यातूनच येतो.

आता थोडी पार्श्वभूमी, भाषणात दोन मिनिटांत बसेल एवढीच. चित्रपटातलं पारोंदी कुटुंब लुकानियाचं. हा इटलीच्या बुटाच्या पावलाच्या कमानीतला डोंगराळ भाग, आज त्याला बाझिलिकाता म्हणतात. ऑलिव्ह, थोडा गहू, बाकी दगड. १९५० च्या जमीन सुधारणेत दक्षिणेतल्या मोठ्या जमीनदारांच्या जमिनी तोडून वाटल्या, पण वाट्याला आलेल्या तुकड्यावर घर चालेना. मग गाड्या भरभरून माणसं उत्तरेला निघाली: मिलान, तोरिनो, जेनोआ. मिलानची वस्ती १९५१ मध्ये पावणेतेरा लाखांच्या आसपास होती, १९६१ मध्ये पावणेसोळा लाखांच्या घरात गेली. शहरातली माणसं या लोकांना ‘तेर्रोनी’ म्हणायची, म्हणजे मातीतले, ढेकळं. शिवीच ती.

आणि एक कायदा सांगाच, कारण तो कळला की बरंच उलगडतं. १९३९ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने शहरांकडे येणारा लोंढा थोपवायला कायदा केला: मोठ्या शहरात राहण्याची नोंद हवी तर आधी नोकरी दाखवा. इकडे रोजगार कचेरी म्हणायची, नोकरीसाठी नाव लावायचं तर आधी शहरातली नोंद दाखवा. राजवट गेली, कायदा राहिला. तो रद्द झाला फेब्रुवारी १९६१ मध्ये, म्हणजे हा चित्रपट लागल्यावर काही महिन्यांनी. तोवर लाखो माणसं स्वतःच्याच देशात बिननोंदीची राहिली आणि ठेकेदारांनी त्यांना मिळेल त्या रोजावर राबवलं. पडद्यावर ही पोरं जे मिळेल ते काम का धरतात, असं कुणी विचारलं तर हे उत्तर तयार ठेवा.

सुरुवात मिलानच्या मुख्य स्टेशनावर, रात्रीची. विधवा रोझारिया आणि चार मुलगे बोचकी घेऊन उतरतात. घ्यायला कुणी आलेलं नाही. थोरला विन्चेन्झो आधीच मिलानला आलेला, पण त्याच संध्याकाळी त्याचा साखरपुडा चालू आहे. ही मंडळी ट्रॅमने लांब्राते भागात मुलीच्या घरी पोचतात. आधी गळाभेटी, मग दोन्ही आया मानपानावरून अशा भिडतात की जेवण राहतं बाजूला. बापाला जाऊन फार दिवस झाले नाहीत आणि पोरगा लग्न ठरवतो, हा रोझारियाचा राग. आपल्याकडे हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

आता मुख्य गोष्ट. रात्रीपुरतं तरी छप्पर कुठे? विन्चेन्झोच्या ओळखीचा एक रखवालदार त्याला युक्ती सांगतो. हा संवाद भरभर जातो आणि सबटायटल वाचेपर्यंत निसटतो, म्हणून तुम्ही आधीच सांगा. पालिकेकडे जाऊन घर मागितलं तर मिळत नाही. त्याऐवजी खाजगी मालकाची एखादी स्वस्त तळघरातली जागा घ्यायची. सुरुवातीचे काही हप्ते इमानदारीने भरायचे. मग भरणं बंद करायचं. मालक कोर्टात जातो, घर खाली करण्याचा हुकूम आणतो, सामान रस्त्यावर येतं. आता हे कुटुंब ‘बेघर केलेलं’ ठरलं, आणि अशांना पालिका रस्त्यावर ठेवत नाही. त्यांच्यासाठी ‘काझे मिनिमे’ असतात, किमान सोयींची नाममात्र भाड्याची घरं. म्हणजे घर मिळवण्याचा रस्ता घराबाहेर काढलं जाण्यातून जातो. युक्ती चालते, पण तिची किंमत अशी की शहरातल्या पहिल्या दिवसापासून ही सरळमार्गी माणसं शिकतात ते कर्ज बुडवायला. सिमोनेचं पुढचं सगळं वागणं या एका धड्याचं वाढवलेलं रूप आहे, असं माझं मत. तुम्हाला पटलं नाही तर भाषणात घेऊ नका.

त्या तळघरात बर्फाची सकाळ येते. संघातल्या लोकांना हा प्रसंग सगळ्यात आवडेल. बाहेर पांढरं झालेलं आहे आणि रोझारिया अंधारातच पोरांना हलवून उठवते, आनंदाने. कारण बर्फ म्हणजे काम. रस्ते मोकळे करायला पालिका रोजंदारीवर माणसं घेते, फावडं उचलता आलं की पुरे, कागद कुणी विचारत नाही. लवकर पोचेल त्याला काम, म्हणून ती घाई. आई पोरांच्या अंगावर असतील नसतील ते कपडे चढवते, गळ्याभोवती गुंडाळते, दाराबाहेर ढकलते. पाचांतला धाकटा लुका अजून लहान. कॅमेरा एका खोलीत इतक्या माणसांना कसा वागवतो ते बघा: कुणी उठल्याशिवाय दुसऱ्याला वळता येत नाही. जुझेप्पे रोतुन्नोचं छायाचित्रण आहे, संगीत नीनो रोताचं.

चित्रपटाचे पाच भाग आहेत आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एका भावाचं नाव येतं: विन्चेन्झो, सिमोने, रोक्को, चिरो, लुका. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. ही नावं फळ्यावर लिहून ठेवा, पुढे कामासकट. लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ भाऊ ओळखण्यात होतो, कारण पहिल्या वीस मिनिटांत सगळे एकाच काळ्या कोटात आणि एकाच अंधारात असतात. विन्चेन्झो: मजुरी, लग्न, वेगळं बिऱ्हाड. सिमोने: मुष्टियोद्धा. रोक्को: धुलाईच्या दुकानात नोकर, मग सैन्यात, मग नाइलाजाने मुष्टियोद्धा. चिरो: रात्रशाळा, मग मोटार कारखाना. लुका: शाळकरी. आईचं नाव सगळ्यात वर. जिनेत्ता म्हणजे विन्चेन्झोची बायको, तेव्हा नवखी असलेली क्लाउदिया कार्दिनाले. हे सांगितलं की देशपांडेकाका-छाप मंडळी सरसावून बसतील.

मुष्टियुद्ध कुठून आलं, असं कुणीतरी विचारणारच. गरिबाच्या पोराला शिक्षण, ओळख, भांडवल काहीही न लागता एका रात्रीत पैसा देणारा तेवढा एकच धंदा समोर होता. त्याच १९६० च्या १ सप्टेंबरला मिलानच्या सान सिरो मैदानात दुइलिओ लोईने कार्लोस ओर्तीझला हरवून जागतिक अजिंक्यपद घेतलं, अवघं शहर लोटलं होतं. त्याच महिन्यात हा चित्रपट व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. पोस्टरवरचा चेहरा होणं ही त्या काळी पोरांच्या डोळ्यांसमोरची गोष्ट होती. पण ही कमाई लढतीला येते, पगारासारखी महिन्याला येत नाही, आणि मधल्या रिकाम्या दिवसांत सिमोने बिघडतो. आधी धुलाईच्या दुकानातला दुसऱ्याचा शर्ट, मग मालकिणीची पिन, मग मोठी उचल. पायरी-पायरीने चाललंय. प्रत्येक वेळी भरपाई करतो रोक्को. शेवटी भावाचं देणं फेडायला तो स्वतः कराराने बांधून घेतो, त्या खेळाची त्याला घृणा असताना. भाडं बुडवायची घरातली सवय आणि देणं फेडायची रोक्कोची सवय, या दोन्हींमध्ये हे घर भरडून निघतं.

चिरोचं मात्र वेगळं. त्याचा भाग सगळ्यात कमी भावनिक आहे म्हणून समीक्षक त्याच्यावरून लवकर पुढे जातात. तुमच्या संघात ते होऊ देऊ नका. तुमच्यापैकी निम्मे टेल्कोतले आणि आकुर्डीत स्कूटरी बांधलेले. चिरो रात्री शिकून प्रमाणपत्र मिळवतो आणि आल्फा रोमिओच्या पोर्तेल्लो कारखान्यात लागतो. तिथे तेव्हा ‘जुलिएत्ता’ गाडी बनत असे. महिन्याचा ठरलेला पगार, पाळी, जेवणाची सुट्टी, कामगार म्हणून हक्क: या घरात हे पहिल्यांदा येतं. शेवटचा प्रसंग त्याच कारखान्याबाहेर, जेवणाच्या सुट्टीत आहे. कामाचे कपडे, भोंगा, आत वळणारी माणसं बघून तुमची मंडळी काही न सांगता समजून घेतील. तो कारखाना आता नाही, तिथे दुकानं आणि बाग आहे.

आई, आता तुझ्यासाठी. तू विचारलंस की बायकांना दाखवण्याजोगा आहे ना. आहे, पण आधी सांगून. नादिया म्हणजे आधी सिमोनेच्या आणि मग रोक्कोच्या आयुष्यात आलेली वेश्या. मधल्या भागात सिमोने तिच्यावर, साथीदारांकरवी रोक्कोला धरून ठेवून त्याच्या डोळ्यांदेखत, बलात्कार करतो. शेवटाकडे तिचा खून आहे. दोन्ही प्रसंग लांब आहेत, लवकर कापून पुढे जात नाहीत. बाबा हे बोलायला संकोचतील, तेव्हा तूच उभी राहून दोन वाक्यांत सांग: असे दोन प्रसंग आहेत, कुणाला नको असेल तर त्या वेळी बाहेर चहाच्या टेबलाशी बसावं. कुणी विचारणार नाही की का उठलात.

तुला राग रोक्कोचा येईल. मला सिमोनेपेक्षा त्याचाच जास्त येतो. बलात्कारानंतर तो मिलानच्या दुओमो चर्चच्या छपरावर, संगमरवरी शिखरांमध्ये, नादियाला सांगतो की तू सिमोनेकडे परत जा, त्याला तुझी गरज आहे. सगळे त्याला संत म्हणतात. हा संत भावाला वाचवायला दुसऱ्याच माणसाचा जीव देऊन मोकळा होतो. पुढे विजयाच्या जेवणात तो पेला उंचावून गावची एक रीत सांगतो: घर बांधताना गवंडी पहिल्या येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सावलीवर दगड टाकतो, कारण घर पक्कं व्हायला बळी लागतो. इथे सगळे गप्प होतील. शिळासप्तमीची कहाणी तुला पाठच आहे: राजाच्या तळ्याला पाणी लागेना, जलदेवतांनी सुनेचा मुलगा मागितला. तिथे पोर परत मिळतं. इथे ज्या वेळी रोक्को हा दाखला देतो त्याच्या आधीच नादिया मेलेली असते, आणि टेबलाभोवती बसलेल्या कुणालाही ते ठाऊक नसतं. आपल्याला असतं. पारोंदींचं घर कुणाच्या सावलीवर उभं राहिलं, हे बायकांना विचार. पुरुषांच्या आधी त्या बोलतील.

एक हलकी गोष्टही राखून ठेव. नादिया झालेली आनी जिरार्दो आणि सिमोने झालेला रेनातो साल्वातोरी यांनी १९६२ मध्ये खरोखर लग्न केलं.

नंतर वाद चिरोवरून पेटेल. तो सिमोनेला पोलिसांच्या हवाली करतो आणि आई त्याला घरबुडवा ठरवते. बाबा, निकाल देऊ नका. दोन्ही बाजू बोलू द्या आणि मग एकच विचारा: चिरोने सांगितलं नसतं तर पुढचं भाडं कुणी भरलं असतं?

सेन्सॉरची हकिगत लोकांना आवडते, पण ती शेवटी सांगा. खुनाचा प्रसंग मिलानजवळच्या इद्रोस्कालोवर घ्यायचा होता. समुद्रविमानांसाठी खणलेला तो तलाव. प्रांताच्या कारभाऱ्यांनी असल्या प्रसंगाला आपली जागा द्यायला नकार दिला, म्हणून तो रोमच्या दक्षिणेला लातीनाजवळच्या फोल्यानो सरोवरावर घ्यावा लागला. व्हेनिसमध्ये खास परीक्षक पुरस्कार मिळाला, सुवर्णसिंह हा पहिला पुरस्कार दुसऱ्या चित्रपटाला गेला. मिलानमध्ये चित्रपट लागल्यावर सरकारी वकिलाने काही प्रसंग कापायला सांगितले. तडजोड अशी निघाली की ते प्रसंग आले की प्रोजेक्टरवाल्याने पडदा काळवंडून टाकायचा. आवाज चालू, चित्र अंधारात. २०१५ मध्ये बोलोन्याच्या चित्रपट संग्रहालयाने नीट दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली. तीच मिळवा. जुन्या प्रतींत कापाकाप वेगवेगळी आहे आणि लांबीही. पुरी प्रत तीन तासांना थोडी कमी भरते. संघाला जाहीर दाखवायची तर हक्कांची परवानगी लागते. मुंबईत इटलीचं सांस्कृतिक केंद्र आहे, त्यांना संघाच्या लेटरहेडवर लिहा. उत्तराला वेळ लागतो, म्हणून आजच.

आता हॉल. हा भाग सेक्रेटरींना वाचून दाखवा.

खिडक्यांना काळं कापड हवंच, साधे पडदे नकोत. निम्मा चित्रपट रात्रीचा आहे. प्रकाश शिरला की काळ्याचं राखाडी होतं आणि माणसं भिंतीत मिसळतात. दुपारी चारऐवजी संध्याकाळी सहाला सुरू केलंत तर अर्धं काम सूर्यच करेल. प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये चित्र ‘गुळगुळीत’ करणारी सोय बंद करा, ती चालू राहिली की जुना चित्रपट टीव्ही मालिकेसारखा दिसतो. चित्र पडदाभर ताणू नका. कडांना काळी पट्टी राहिली तर राहू द्या.

सबटायटलचा त्रास ठरलेला आहे. अक्षरं पांढरी असतात आणि बर्फाच्या प्रसंगात पांढऱ्यावर पांढरं काही दिसत नाही. फाइल वेगळी असेल तर प्लेअरमध्ये रंग पिवळा करा आणि भोवती काळी कड द्या. आकार नेहमीपेक्षा मोठा ठेवा. पडद्याची खालची कड पहिल्या रांगेतल्या डोक्यांच्या वर, जमिनीपासून किमान चार फुटांवर हवी, नाहीतर मागच्यांना फक्त केस वाचायला मिळतील. इंग्रजी न वाचणाऱ्यांसाठी प्रत्येक भागाचा चार ओळींचा मराठी सारांश एका कागदावर छापा. शेवट त्यात लिहू नका.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत म्हणून लोक ऑपरेटरवर ओरडतील. बिचाऱ्याची चूक नसेल. तेव्हा इटलीत आवाज मागाहून भरण्याची पद्धतच होती, आणि इथे तर रोक्को झालेला आलाँ दलाँ फ्रेंच, जिरार्दो फ्रेंच, आई झालेली कातिना पाक्सिनू ग्रीक, विन्चेन्झोही ग्रीक. बोलतात सगळे इटालियनमध्ये, दुसऱ्यांच्या गळ्यातून. हे भाषणात आधीच सांगून टाका.

मध्यंतर ‘रोक्को’ हे तिसरं नाव पडद्यावर यायच्या जरा आधी घ्या. नंतरचा भाग पहिल्यापेक्षा लांब आहे आणि त्यात थांबायला जागा नाही. त्यामुळे चहा-खाणं सगळं याच मध्यंतरात उरका आणि पंधरा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. ती जागा नेमकी कोणत्या मिनिटाला येते ते तुमच्याच प्रतीवर आदल्या दिवशी बघून कागदावर लिहून ऑपरेटरला द्या. आई, खायला कुरकुरीत काही ठेवू नकोस. मध्यंतरानंतर पुड्या वाजत राहतात आणि पुढची शांतता वाया जाते. शिरा किंवा उपमा बरा.

बाबा, मसुदा पुन्हा पाठवा. या वेळी दोन पानांच्या आत.

तुमची,
धाकटी

ता. क. लॅपटॉपची वायर संघाची वापरू नका, ती सैल आहे असं तुम्हीच म्हणाला होतात. घरच्या टीव्हीची काढून न्या, आणि आवाज हॉलच्या स्पीकरवर जातोय का ते लोक यायच्या आधी अर्धा तास लावून बघा. बर्फाच्या प्रसंगावरच तपासा, म्हणजे अक्षरंही कळतील.